एक जानेवारी दोन हजार नऊ

बटण दाबलं की आधी पंखा घुरघुरतो,
मग कंपनीचं चिन्ह,
मग काळं.
सात मिनिटं. मोबाइल लावून मोजलीत मी.

जिनिंगच्या फाटकाबाहेर, मारेगाव रोडच्या वळणापर्यंत
कापसाच्या ट्रॉल्या.
पहिलीवर बबन टेकाम, जाळीखालच्या कापसावर उताणा,
खिडकीकडे न बघताच विचारतो,
"उठलं का जी तुमचं?"
"उठून राह्यलं."

शेठजी म्हणाले, व्हायरस.
वणीच्या पोरानं विंडोज नवीन टाकलं, अठराशे घेतले. सात.
डिस्क बदलली. सात.
दसऱ्याला दिवाणजींनी वाहिलेला झेंडू
बिजागरीत वाळून अडकला होता, तोही काढला.
सात.

बरं, एकदा उठलं की नुसतं पळतं.
म्हणजे दुखणं कामात नाही,
कामाच्या आधीच्या अंधारात आहे,
जिथं विंडोज अजून पोचलेलंच नसतं.

एका पहाटे एफ-टू बडवत राहिले
तेव्हा निळं पान उघडलं,
जुनाट, चौकोनी, माऊसला न ओळखणारं.
तिथं लिहिलेलं: आधी नेटवर्क.
मग पुन्हा नेटवर्क, दुसऱ्या तऱ्हेनं.
डिस्क सगळ्यात खाली.

नागपूरच्या कुठल्याशा ऑफिसच्या लिलावातून आलेलं हे यंत्र
रोज आधी त्या ऑफिसला हाक मारायचं,
केबल नसलेल्या भोकातून.
थांबायचं. पुन्हा हाक.
कोणीच ओ देत नाही म्हटल्यावर
मग कुठं आमच्याकडे वळायचं.
मला त्याचा रागच येईना.

डिस्क वर घेतली. एफ-टेन.
बारा सेकंद!
बबनला माझ्याकडून चहा.

दुसऱ्या दिवशी सात.

आणि पहिली पावती निघाली तिच्यावर तारीख
एक जानेवारी दोन हजार नऊ.
बबननं ती उजेडात धरली. "या हिशोबानं तं
माह्यं लगनच नाही झालं अजून. वापस जाऊ का?"
रांग हसली. मीही.
मग कागद हातात तसाच राहिला.
दोन हजार नऊत इथं काटा नव्हता, पत्र्याची शेड नव्हती,
आमचं तुरीचं वावर होतं,
आणि जिथं आता ट्रॉली उभी राहते
तिथं बाभळीला दप्तर टांगून मी पाखरं हाकलायची.

करंट गेला की ते विसरत होतं,
आजची तारीख, माझी निळ्या पानावरची समजूत,
सगळं.
अकरा स्क्रू बशीत. एक सरकीत हरवला, तो गेलाच.
आत रुपयाएवढा सेल, मेलेला.
मारेगावच्या घड्याळवाल्या हमजाभाईनं चाळीसला दिला,
वरून म्हणाला, "एवढ्याचे अठराशे दिले होते?"

पोरानं फोनवर सांगितलं,
आता फर्मवेअरही नवीन टाकून घ्या ताई,
पण मधात करंट गेला तर वीट होईल त्याची.
लॅपटॉपची बॅटरी कधीचीच संपलेली.
भारनियमन आठला.
मी सात चाळीसला लावलं.

खिडकीशी एक डोकं आलं, मग चार, मग रांगच मोडली.
कापसाचा भाव कोणी विचारेना.
"एकसष्ट."
"बासष्ट."
"अडकलं बापा."
"नाही नाही, त्रेसष्ट."
दिवाणजींनी उगाच पंखा बंद केला,
तेवढाच करंटवरचा भार कमी.

सात अठ्ठावन्नला ते आपोआप विझलं.
काळ्या काचेत माझं तोंड,
त्यामागं बबनचं, दाढी वाढलेलं.
कोणी बोललं नाही.

मग चिन्ह. मग तारीख, आजची.
"चला, घ्या काट्यावर," मी म्हटलं
आणि आठच्या ठोक्याला वीज गेली.

ती जुनी पावती मी रद्द केली नाही,
टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली.
वजन बरोबर आहे तिच्यावर.
तेवीस क्विंटल चाळीस किलो.